कुलूप न उघडता

“नाही होणार,” मी म्हणालो. “फाइलला कुलूप आहे. आपलं सॉफ्टवेअर ती वाचूच शकत नाही.”

नाईकवाडे साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते आमचे मालक. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा पॉवर सप्लाय बनवायचा कारखाना होता, आणि तिथल्या डिझाइन विभागात मी चौदा वर्षं काढली होती. मी ‘नाही होणार’ म्हटलं की विषय तिथेच मिटायचा, अशी आजवरची रीत होती.

“मग काय करायचं, खैरनार?”

“जुनी चिप वापरू. तिचं मॉडेल आपल्याकडे आहे. युनिट थोडं मोठं होईल, जरा जास्त तापेल. पण रिपोर्ट वेळेत जाईल.”

“गिऱ्हाइकाला ते लहानच हवंय हो.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलीनं हात वर केला, वर्गात करतात तसा. प्रणिता अहिरराव. शिरपूरची. आमच्याकडे येऊन तिला पाच महिने झाले होते, आणि तोवर मी तिला जुन्या फायली लावण्यापलीकडे फारसं काही दिलं नव्हतं.

“सर, फाइल उघडायची गरजच काय?” ती म्हणाली. “चिप तर आपल्या हातात आहे. ती बाहेरून कशी वागते ते मोजू, आणि मॉडेल आपणच लिहू.”

मी हसलो. “चिपचं डेटाशीट ऐंशी पानांचं आहे, मॅडम.”

“वाचलंय, सर.”

तिच्या बोलण्यात उद्धटपणा असता तर मला सोपं गेलं असतं. तो नव्हता. साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच.

“किती दिवस लागतील?”

“एक महिना द्या, सर.”

“दिला,” साहेब म्हणाले. माझ्याकडे न बघता.

भानगड नेमकी काय होती ते सांगतो. नुकत्याच जन्मलेल्या नाजूक बाळांना ऊब देणारी यंत्रं बनवणारी एक कंपनी आमचं गिऱ्हाईक होती. त्या यंत्राला लागणारा पॉवर सप्लाय आम्हाला नव्यानं डिझाइन करायचा होता, आणि प्रत्यक्ष युनिट बनवण्याआधी पूर्ण सर्किट कॉम्प्युटरवर चालवून त्याचा रिपोर्ट द्यायचा होता. असं सर्किट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला सिम्युलेटर म्हणतात. त्याला प्रत्येक भागाचं मॉडेल लागतं, म्हणजे तो भाग कसा वागतो हे गणितात लिहिलेली फाइल. नव्या चिपच्या परदेशी कंपनीनं मॉडेल दिलं होतं, पण आपलं गुपित कुणी वाचू नये म्हणून ते कुलूपबंद करून. त्या कुलपाची किल्ली फक्त त्यांच्या स्वतःच्या सिम्युलेटरमध्ये होती. आणि त्यांचा तो फुकटचा सिम्युलेटर पन्नासपेक्षा जास्त भाग घ्यायला तयार नव्हता. आमच्या सर्किटमध्ये तीनशेच्या वर भाग होते. त्यांची मॉडेलं वर्षानुवर्षं एकेक करून जमवून ते सगळं सर्किट मी आमच्या सिम्युलेटरमध्ये रचलं होतं, आणि तिथे ही फाइल उघडत नव्हती.

म्हणून मी नाही म्हणालो होतो. आणि माझं चुकलेलं नव्हतं. पण ‘कुलूप उघडत नाही’ इथपर्यंत विचार करून मी थांबलो होतो, ती नाही.

प्रणितानं कोपऱ्यातलं बेंच घेतलं. सकाळी मी यायचो तेव्हा ती आलेली असायची. निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही, विजेचे चढउतार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, आणि पाच चिपा. एका पिनला एवढा व्होल्टेज दिला तर दुसऱ्या पिनवर काय येतं, गरम असताना काय येतं, थंड असताना काय येतं. प्रत्येक आकडा वहीत. संध्याकाळी त्या आकड्यांवरून ती समीकरण लिहायची, आमच्या सिम्युलेटरमध्ये चालवायची, आणि जुळलं नाही की दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला बसायची.

पहिल्या आठवड्यात मी तिच्या बेंचजवळून जाताना विचारायचो, “काय, संपलं का डेटाशीट?” दुसऱ्या आठवड्यापासून मी विचारणं बंद केलं, कारण साहेब स्वतः तिथे उभे असायचे. चौदा वर्षांत ते माझ्या बेंचजवळ कधी असे उभे राहिले नव्हते. मला ते केबिनमध्ये बोलवायचे.

“अहो,” एकदा जेवताना माझी बायको म्हणाली, “त्या अहिररावचं नाव आज चौथ्यांदा घेतलंत.”

“कामाचं बोलतोय.”

“मी कुठे काय म्हणाले? भाजी घ्या.”

सव्विसाव्या दिवशी प्रणितानं तिचं मॉडेल पडद्यावर लावलं. कंपनीच्या सिम्युलेटरमध्ये, पन्नास भागांत बसेल एवढ्या छोट्या सर्किटवर, कुलूपबंद मॉडेल चालवून आलेली लाल रेघ, आणि आमच्या सिम्युलेटरमध्ये तिचं मॉडेल चालवून आलेली निळी. दोन रेघा एकमेकींवर अशा बसल्या होत्या, की नुसती जांभळी रेघ दिसत होती. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. उत्पादन विभागाचे लोकही दारात येऊन उभे राहिले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. मीही वाजवल्या.

“खैरनार सरांचं मोठं सर्किट तयार होतं म्हणून हे पूर्ण युनिटमध्येही तपासता आलं,” ती म्हणाली.

ते ऐकून मला जास्तच लागलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी गिऱ्हाइकाला फोन लावला आणि म्हणाले, “तांत्रिक बाबतीत आता आमच्या प्रणिताशीच बोला.” मी समोरच बसलो होतो. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नसावं.

त्या शनिवारी कारखान्याला सुट्टी होती. मी घरी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि तिची फाइल उघडली. मला त्यात चूक शोधायची होती. दुपारपर्यंत शोधली. वेगवेगळे व्होल्टेज दिले, भार कमी केला, वाढवला, तापमान बदललं. प्रत्येक वेळी जांभळी रेघ. सहा महिन्यांपूर्वी आलेली मुलगी, ऑसिलोस्कोपचं एक जुनं खोकं आणि एक वही, एवढ्यावर हे होतं? माझ्याच्यानं झालं नसतं. आणि माझ्याच्यानं जे होत नाही ते हिच्याच्यानं झालं असेल, तर ते सरळ मार्गानं झालेलं नसणार, असा मी हिशेब केला. हिनं कुलूप फोडलं असणार. इंटरनेटवर तसली सॉफ्टवेअरं मिळतात, हे मी ऐकून होतो. हिनं फाइल फोडली, आतलं वाचलं, शब्द बदलून लिहिलं आणि वहीत मागाहून आकडे भरले.

मला खरंच तसं वाटत होतं, की तसं वाटून घ्यायचं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दुपारी मी ईमेलचं एक नवं खातं उघडलं आणि चिपच्या कंपनीचा माल विकणाऱ्या पुण्याच्या वितरकाला पत्र लिहिलं. आमच्या कारखान्याचं नाव. प्रणिताचं नाव. ‘आपल्या कुलूपबंद मॉडेलची चोरी झाली आहे, दोन्ही आलेख सोबत जोडले आहेत, खात्री करून घ्यावी.’ खाली लिहिलं, ‘एक हितचिंतक’. पाठवलं आणि चहा करून प्यायलो. साखर दोनदा घातली गेली.

उत्तर आलं नाही. चार दिवस झाले, पाच झाले. मला वाटलं, आणखी भक्कम पुरावा पाठवायला हवा. म्हणून मी दुपारच्या सुट्टीत, सगळे डबे खायला गेले की, पुन्हा दोन्ही मॉडेलं चालवून पाहू लागलो. दहाव्या दिवशी मी एक नवी गोष्ट करून पाहिली. आलेली वीज क्षणभर, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकी, खाली पाडली आणि परत आणली. गावाकडे दिवा लुकलुकतो ना, तेवढंच.

निळी रेघ सरळ राहिली. चोवीस व्होल्ट. लाल रेघ एकदम उसळून एकतीसवर गेली आणि मग खाली आली.

“सापडली!” मी मोठ्यानं म्हणालो. खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं.

दोन मिनिटं मला इतका आनंद झाला, की मी उठून उभा राहिलो. तिचं मॉडेल चुकीचं होतं. मोठी चूक होती. तिच्या रिपोर्टावर विसंबून युनिट बनलं असतं, आणि एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात वीज अशी लुकलुकली असती, तर ती उसळी सरळ यंत्राच्या कंट्रोल कार्डात गेली असती. कार्ड जळालं तर बाळावरचा हीटर बंद पडतो की चालूच राहतो, याची कुणीच खात्री देऊ शकलं नसतं.

मग मी खाली बसलो. कारण दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ही उसळी कुलूपबंद फाइलच्या आत होती. डेटाशीटच्या ऐंशी पानांत तिचा उल्लेख नव्हता. प्रणितानं फाइल फोडली असती तर ही उसळी तिच्या मॉडेलमध्ये आलीच असती. ती आली नव्हती, कारण तिनं आतलं काही पाहिलंच नव्हतं. वीज अशी पाडून दाखवणारं आमचं यंत्र दोन महिने दुरुस्तीला गेलेलं होतं, त्यामुळे तेवढी एक गोष्ट तिला मोजता आली नव्हती. बाकी सगळं तिनं खरोखर बाहेरून, एकेक आकडा मोजून बनवलं होतं.

तेवढ्यात दार ढकलून तीच आत आली. हातात धुतलेला डबा होता. “सर, तुम्ही जेवला नाहीत?”

मी पडद्यावरची खिडकी बंद केली. “भूक नव्हती.”

“माझ्याकडे दोन पुरणपोळ्या राहिल्यात. आईनं पाठवल्या होत्या. मांडे म्हणतो आम्ही, तुम्हाला तर माहीतच असेल, तुम्ही सटाण्याचे.”

मी एक खाल्ली. चांगली होती.

मी नऊ दिवस बोललो नाही. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. पण सांगायचं तर काय सांगायचं? की मी तुझं मॉडेल चोरून तपासत होतो? का तपासत होतो? आणि मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं, की गिऱ्हाइकाकडे नमुना युनिटची चाचणी पुढच्या सोमवारी आहे, तिथे वीज पाडून बघतातच, तिथे होऊ दे. सगळ्यांसमोर होऊ दे. मग साहेब माझ्याकडे वळतील आणि म्हणतील, “खैरनार, तुम्ही आधीच म्हणाला होतात.” हे वाक्य मी मनात इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यांचा आवाजसुद्धा मला ऐकू यायचा.

चाचणीच्या आधीच्या गुरुवारी सकाळी अकराला वितरकाचे प्रभुदेसाई आले. पन्नाशीचे, हळू बोलणारे गृहस्थ. साहेबांनी प्रणिताला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझं पत्र छापून ठेवलेलं होतं.

“आरोप गंभीर आहे,” प्रभुदेसाई म्हणाले. “परदेशातल्या कंपनीला मी कळवलंय. हे खरं निघालं तर तुम्हाला आमची एकही चिप मिळणार नाही, आणि प्रकरण कोर्टात जाईल.”

प्रणितानं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग उठून गेली आणि निळी वही घेऊन आली. “सर, हे सगळे आकडे मी मोजलेत. तारखा आहेत. तुम्ही कुठलाही आकडा सांगा, आत्ता बेंचवर मोजून दाखवते.”

प्रभुदेसाईंनी पानं उलटली. “बाई, तुमच्या मेहनतीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण वही मागाहूनही लिहिता येते. इतकं तंतोतंत मॉडेल बाहेरून बनत नाही, असं आमच्या लोकांचं म्हणणं आहे.”

“मग मी कमी चांगलं बनवायला हवं होतं का?” ती म्हणाली. आवाज न चढवता तिनं वही त्यांच्या समोरून परत ओढून घेतली.

साहेब घाबरले होते. कारखान्यात साठ माणसं होती आणि निम्मा माल या एका कंपनीच्या चिपांवर चालायचा. ते माझ्याकडे वळले. हे वळणं मी नऊ दिवस मनात पाहत होतो. फक्त ते असं असेल असं वाटलं नव्हतं.

“खैरनार, तुम्ही सगळ्यांत जाणकार. तुम्हाला काय वाटतं? हे बाहेरून होऊ शकतं?”

प्रणिताही माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी काय उत्तर देणार याची तिला खात्री होती.

“मला… तसं सांगता येणार नाही,” मी म्हणालो.

साहेबांनी पत्राची घडी घातली. मग साहेब म्हणाले, “प्रणिता, काही दिवस तू घरीच थांब. चौकशी होईपर्यंत. रिपोर्ट आपण मागे घेऊ.”

“बरं, सर,” ती म्हणाली.

मी तिच्या मागोमाग बाहेर आलो. का आलो, माहीत नाही. ती बेंचवर बसली. मला वाटलं आता रडेल. तिनं पेन काढलं आणि वहीचं शेवटचं पान उघडलं.

“सर, एक मिनिट बसता का? मी नसताना तुम्हालाच बघावं लागेल, म्हणून सांगून ठेवते.”

त्या पानावर वर लिहिलं होतं, ‘अजून तपासलेलं नाही’. खाली चार ओळी होत्या. पहिली ओळ अशी: ‘वीज क्षणभर जाऊन आली तर चिप काय करते, ते मोजलेलं नाही. हे मोजल्याशिवाय चाचणीला युनिट नेऊ नये.’ त्याखाली लाल रेघ आणि तारीख. मी तिची चूक शोधली, त्याच्या वीस दिवस आधीची तारीख.

“ते यंत्र दुरुस्तीहून उद्या येतंय,” ती म्हणाली. “आलं की आधी हेच करा, सर. मला त्याची फार धाकधूक आहे. लहान बाळांचं आहे ना.”

मी ते पान पाहत राहिलो. जे मी चोरून शोधलं होतं, ते तिनं उघड्यावर लिहून ठेवलं होतं. वही महिनाभर बेंचवर पडून होती. मी ती एकदाही उघडली नव्हती.

“तू थांब इथे,” मी म्हणालो. “घरी जाऊ नको.”

केबिनमध्ये प्रभुदेसाई निघायच्या तयारीत होते. मी दार न ठोठावता आत गेलो. “पाच मिनिटं द्या. काहीतरी दाखवायचंय.”

मी साहेबांच्याच कॉम्प्युटरवर दोन्ही सिम्युलेटर लावले. कुलूपबंद मॉडेल एका बाजूला, प्रणिताचं दुसऱ्या बाजूला. वीज क्षणभर पाडली. लाल रेघ एकतीसवर उसळली. निळी सरळ राहिली.

“हे चुकलंय,” साहेब म्हणाले.

“हो, साहेब. चुकलंय. आणि ही उसळी यांच्या फाइलच्या आत लिहिलेली आहे. डेटाशीटमध्ये कुठे नाही. तिनं फाइल फोडून आतलं चोरलं असतं, तर हीसुद्धा तिच्याकडे आली असती.” मी प्रभुदेसाईंकडे वळलो. “चोरणारा मधला एवढाच तुकडा कशाला सोडेल? तिनं हे मोजलेलं नाही आणि मोजलेलं नाही असं वहीत लिहूनही ठेवलंय. शेवटचं पान बघा.”

प्रभुदेसाई वाकून बराच वेळ पडदा पाहत होते. मग त्यांनी स्वतः माउस हातात घेतला आणि वीज आणखी दोनदा पाडून पाहिली. दोन्ही वेळा तेच. मग त्यांनी प्रणिताला बोलावून घेतलं, वहीचं शेवटचं पान पाहिलं, आणि उभे राहून म्हणाले, “बाई, माफ करा. मी कंपनीला आजच लिहितो.” ब्रीफकेस बंद करता करता ते थांबले. “पण मग हे पत्र लिहिलं कुणी?”

“कुणीतरी जळणारा असेल,” साहेब म्हणाले. “आलेख तर रिपोर्टातून गिऱ्हाइकाकडे गेलेच होते. आमच्या धंद्यात काय कमी आहेत?” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “खैरनार, तुम्हाला हे सापडलं कधी?”

“आज सकाळी,” मी म्हणालो.

प्रणिताच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं. त्या दिवसात पहिल्यांदाच. “सर, तुम्ही मघाशी ‘सांगता येणार नाही’ म्हणालात, तेव्हा मला वाटलं… मला माफ करा. तुम्ही खात्री करून घेत होतात.”

दुसऱ्या दिवशी यंत्र आलं. तिनं ती उसळी मोजली, दुपारपर्यंत मॉडेल सुधारलं, आणि सर्किटमध्ये दोन भाग बदलून उसळी घालवूनही टाकली. दोन तासांचं काम. मी शेजारी बसून पाहत होतो आणि तिला वाचवून चोवीस तास झाले नव्हते, तरी माझ्या मनात पुन्हा तेच आलं: हे मला इतक्या लवकर सुचलं नसतं. सोमवारी चाचणी झाली. युनिट पहिल्या फेरीत पास झालं.

त्यानंतर कारखान्यात माझा मान एकदम वाढला. साहेब पाहुण्यांना सांगायचे, “आमचे खैरनार! ज्युनिअरसाठी मालकाच्या केबिनमध्ये दार न ठोठावता शिरले.” शिरपूरहून तिच्या वडिलांचा फोन आला. ते माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे.

“साहेब, पोरीचं नाव राखलंत,” ते म्हणाले. “आम्ही इतक्या लांब. तिला तिथे कुणीतरी आपलं आहे, हे कळलं.”

“तसं काही नाही,” मी म्हणालो.

“तुमच्यासारखी माणसं असंच म्हणतात,” ते म्हणाले.

सव्वा वर्षानं प्रणिताला बंगळूरला मोठ्या कंपनीत नोकरी लागली. चिपांची मॉडेलंच बनवायची. जाण्याआधी तिनं तिच्या सगळ्या कामाची टिपणं तयार केली आणि शेवटच्या दिवशी दुपारी मला समजावून सांगायला बसली. चौदा पानं होती. अकरावं पान संपल्यावर ती पाणी प्यायली आणि म्हणाली, “मुलाखतीत मला विचारलं, आतापर्यंत कुणाकडून सर्वांत जास्त शिकलात? मी तुमचं नाव सांगितलं. ती पत्राची सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, असा वरिष्ठ मिळायला नशीब लागतं.”

सव्वा वर्ष मी हे असलं ऐकत आलो होतो. प्रत्येक वेळी मी विषय बदलायचो. ती उद्या जाणार होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. सांगून मोकळं व्हावं.

“प्रणिता, ते पत्र मी लिहिलं होतं.”

तिला आधी कळलंच नाही. “कोणतं पत्र, सर?”

“हितचिंतकाचं. प्रभुदेसाईंना पाठवलेलं. आणि तुझी चूक मला त्या सकाळी नाही, नऊ दिवस आधी सापडली होती. मी गप्प बसलो. तू चाचणीत सगळ्यांसमोर पडावीस म्हणून.”

बाहेर पॅकिंग विभागात कुणीतरी खोकी ओढत होतं. तिनं हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

“का?” तिनं विचारलं.

“माझ्याच्यानं जे झालं नाही, ते तुला जमलं म्हणून.”

ती रागावेल, ओरडेल, उठून साहेबांकडे जाईल, असं मला वाटलं होतं. किंवा, खरं सांगतो, ती म्हणेल, ‘जाऊ द्या सर, शेवटी तुम्हीच तर वाचवलंत.’ मी त्या वाक्याची वाट पाहत होतो.

“मला हे माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “कधी शंकासुद्धा आली नाही. बाबांनी तुमचं नाव घरात सगळ्यांना सांगितलंय.” तिनं पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. “नसतं सांगितलंत तर बरं झालं असतं, सर. तुम्हाला आता हलकं वाटत असेल. मी हे कुठे ठेवू?”

तिनं टिपणांकडे पाहिलं, बाराव्या पानाची घडी हातानं सरळ केली.

“वेळ होतोय,” ती म्हणाली. “आपण पुढे जाऊ.”

आणि उरलेली तीन पानं तिनं मला समजावून सांगितली. सावकाश, एकही ओळ न गाळता. कुठे मला कळलं नाही असं दिसलं, तिथे तिनं पुन्हा सांगितलं.